चवळीच्या मुळाला गाठी

"त्या विजयसिंहाला रानातलं काय बी दावू नगंस," आत्ती म्हणाल्या होत्या. "पान दावलंस तर पानाचा रोग काढंल, मूळ दावलंस तर मुळाचा. निरोगी म्हणून काय त्येला दिसतच न्हाय."

आत्ती म्हणजे क्रांतीच्या सासूबाई. भाकरी थापता थापता, मान वर न करता त्या हे बोलल्या आणि क्रांतीनं ते ऐकून सोडून दिलं. तिला वाटलं, असेल काहीतरी जुनं. गावात कुणाचं कुणाशी बांधावरून वाकडं असतं, कुणाचं लग्नातल्या मानापानावरून. विजयसिंहाचं खता-औषधाचं दुकान चौकात होतं. माणूस हसून बोलायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायचा. शिवाय ती कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मूळ कुणाला दाखवावं आणि कुणाला नाही हे आता सासूनं शिकवायचं म्हणजे कठीणच, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

गाव मुरगूडच्या अलीकडं. ओढ्याकाठची खालची सगळी जमीन उसाची, आणि ऊस तुटला की ट्रॉल्या बिद्रीच्या साखर कारखान्याच्या वाटेला लागायच्या. पण वर माळाचा एक पट्टा होता, तिथवर पाइपलाइन चढत नव्हती. मुरमाड, उताराची, पाऊस ओढला की आधी तापणारी जमीन. क्रांतीच्या सासरचा एक तुकडा त्यातलाच. बरीच वर्षं पड होता. यंदा तिनं नवऱ्याच्या, ऋतुराजच्या मागं लागून तिथं चवळी लावली. ऋतुराज कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्याची पाळी बदलत राहायची, त्यामुळं तो म्हणाला, तूच बघ काय ते.

तिनं बघितलं. कृषी महाविद्यालयात असलेल्या वर्गमैत्रिणीकडून तिनं जिवाणूखताचं पाकीट मागवलं. गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार केला, त्यात ती काळी भुकटी कालवली आणि सावलीत पोत्यावर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हातानं चोळली. आत्ती दारात उभ्या राहून बघत होत्या.

"चवळीला गूळ? बारसं हाय काय चवळीचं?"

क्रांतीनं समजावून सांगितलं की हे जिवाणू मुळात शिरतात, तिथं गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. झाड त्यांना साखर देतं. देणंघेणं. मग युरियाचं पोतं लागत नाही. आत्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे भाडेकरूच की. क्रांतीला ते इतकं पटलं की ऋतुराजलाही तिनं तसंच सांगितलं.

या सगळ्यात अंतरा सतत तिच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यात असायची. तिची नुकतीच चालू लागलेली मुलगी. जे हाताला लागेल ते तोंडात. माती, बटण, कोंबडीचं पीस, भिंतीचा पोपडा. क्रांती रात्री झोपताना दिवसभर पोरीच्या हातात काय काय आलं याची उजळणी करायची, आणि एखादी गोष्ट आठवली नाही तर उठून दिव्याच्या उजेडात तिचा श्वास ऐकत बसायची. आत्ती म्हणायच्या, आम्ही चार वाढवली, एकाचंही तोंड उघडून बघितलं नाही. क्रांती म्हणायची, बघायला हवं होतं.

पाऊस सुरुवातीला बरा झाला आणि मग ओढला. खालच्या उसाला पाणी होतं. माळावरची भुईमुगाची पानं दुपारी मिटायला लागली. कुणी मका लावला होता, त्याची पानं वळून पिपाणी झाली. चवळी मात्र उभी होती. नुसती उभी नाही, काळीशार हिरवी, फुलावर आलेली, काही वेलींना कोवळ्या शेंगा लोंबायला लागलेल्या. शेजारच्या तुकड्यात धोंडुबाईंची चवळी होती, तीही तशीच. धोंडुबाई एकट्या राहायच्या. लेक मोना हातकणंगल्याकडं दिलेली, नवरा वारून बरीच वर्षं झालेली. दर वर्षी त्याच तुकड्यात चवळी करायच्या, त्यामुळं त्यांच्या मातीत जिवाणू आधीपासूनच मुरलेले होते, पाकिटाची गरज नव्हती. रोज सकाळी ओच्यात मूठभर कोवळ्या शेंगा घेऊन त्या क्रांतीच्या दारात यायच्या. "माझ्या नातीला," म्हणायच्या. अंतरा त्या कच्च्याच चावायची, निम्म्या चघळून आईच्या हातात द्यायची.

एके दिवशी क्रांतीनं एक झाड उपटलं. खुरप्यानं बाजूची माती आधी सैल करून, मुळं न तोडता. बादलीत मुळी हलवून धुतली आणि हातावर घेतली. सगळ्या मुळीला मण्यांसारख्या गाठी. बाजरीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत. तिनं एक नखानं फोडली. आत गुलाबी-लाल. कॉलेजात प्रॅक्टिकलला असलाच एक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून सर म्हणाले होते, हा रंग दिसला की समजायचं गाठ काम करतेय. पांढरी दिसली तर अजून कच्ची, हिरवट झाली तर संपली. तेव्हा तिनं ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं. आता कोरड्या ठणठणीत माळावर ते तिच्या तळहातावर होतं. तिला हसूच फुटलं.

मग तिनं फोटो काढला आणि गावच्या शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बघा, चवळीच्या मुळाच्या गाठी." एवढंच. घाईत होती, अंतरा बादलीत हात घालत होती.

ग्रुप विजयसिंहाचा. गावातले सगळे शेतकरी त्यात, कारण कुठलं खत आलं, कुठल्या रोगाला काय मारायचं, हे तोच तिथं कळवायचा. त्याचं उत्तर लगेच आलं. आधी हात जोडलेलं चित्र, मग लिहिलेलं: सूत्रकृमी. मुळावर गाठी म्हणजे सूत्रकृमीच. वेळीच दाणेदार औषध टाका, नाहीतर पीक बसेल. माल दुकानात आहे.

आता यात एक गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच खोटं इतकं खपलं. सूत्रकृमीनंही, म्हणजे मुळात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांनीही, मुळावर गाठी येतात. तीन-चार वर्षांपूर्वी या गावात टोमॅटो आणि ढबू मिरचीचं मोठं वारं शिरलं होतं आणि सूत्रकृमीनं फडच्या फड बसले होते. उपटलेल्या रोपांची सुजलेली, वेडीवाकडी मुळं लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितली होती. तेव्हापासून गावाला एवढंच पाठ झालं होतं की मुळाला गाठ म्हणजे घात. टोमॅटोची गाठ वेगळी आणि चवळीची वेगळी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. चवळीचं मूळ कोण कशाला उपटून बघतंय? शेंगा खायच्या, पाला भाजीला, वेल म्हशीला.

क्रांतीनं खाली सविस्तर लिहिलं. या गाठी रोगाच्या नाहीत, यात नत्र स्थिर होतो, या असल्या म्हणजे पीक उत्तम. मोठा मजकूर होता. तो वाचेपर्यंत कुणी थांबलं नाही. एकानं आपलं झाड उपटून फोटो टाकला: माझ्या पण आल्यात. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. सगळ्यांच्या आल्या होत्या, येणारच की. गंमत अशी की ज्याचं पीक सगळ्यात निरोगी त्याच्या मुळाला गाठी सगळ्यात जास्त, आणि तोच सगळ्यात आधी दुकानाकडं पळाला. चवळी सांगत होती मी बरी आहे, आणि त्याच बोलण्याला रोग म्हणून विजयसिंह दुकानात विष विकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकात निघाली. एका हातात चवळीचं मूळ, दुसऱ्या हातात परसातल्या वांग्याचं, ज्याला खरोखरची कीड लागली होती. कडेवर अंतरा. आत्तींनी दारातून विचारलं, एवढ्या सकाळी कुठं निघालीस. क्रांती म्हणाली, भांडायला. आत्ती म्हणाल्या, मग पोरगी ठेवून जा, दोन्ही हात मोकळे पायजेत. पण अंतरा उतरायला तयार नव्हती.

दुकानासमोर पाच-सहा माणसं बसली होती. आत विजयसिंह तराजूवर काहीतरी जोखत होता. निळसर-जांभळे बारीक दाणे. मोठी पिशवी कापून उघडलेली, आणि तो पत्र्याच्या मापानं दाणे काढून साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरत होता, ज्यात वाणी साखर देतो तसल्या. कापलेल्या पिशवीवर लाल त्रिकोण होता, कवटी होती, हातमोजे घाला, लहान मुलांपासून दूर ठेवा, हे सगळं बारीक अक्षरात होतं. पातळ पिशवीवर काहीच नव्हतं. लोकांच्या घरी जाणार ती पातळ पिशवी.

क्रांती बोलायला लागली ती शांतपणे. तिनं वांग्याचं मूळ सगळ्यांपुढं धरलं. ही बघा, म्हणाली, ही सूत्रकृमीची गाठ. मूळच सुजलेलं असतं. अंगठ्यानं घासा, निघत नाही, निघाली तर मूळ तुटतं. आणि ही चवळीची. मुळाच्या बाजूला चिकटलेली असते. तिनं अंगठा फिरवला, गाठी मण्यांसारख्या ओघळल्या. एक फोडून दाखवली. लाल.

बसलेल्यांपैकी एकानं पुढं होऊन स्वतःच्या अंगठ्यानं घासून बघितलं.

"लेका विज्या, ह्या निघत्यात की रं बोटानं."

"मग औषध कशाला," दुसरा म्हणाला, "बायकांस्नी बसवून गाठी काढून घेतो की."

लोक हसले. क्रांतीला रडावं की ओरडावं कळेना. तिनं पुन्हा सांगितलं की काढायच्या नाहीत, त्या झाडाच्या आहेत, त्यांच्यावरच तर चवळी तगलीय. पाऊस नसताना, खत नसताना तुमचं रान हिरवं कशानं राहिलं असं वाटतं तुम्हाला?

विजयसिंह हातातलं माप खाली न ठेवता हसला. "वैनी, कॉलेजातली चवळी येगळी आणि माळावरची येगळी. आमी रोज रोग बघालोय. बोटानं निघत्यात म्हणजे सुरुवातीची स्टेज हाय. पुढं निघायच्या न्हाईत."

हे तो इतक्या सहज बोलला की क्षणभर क्रांतीला स्वतःच्याच बोलण्याची शंका आली. मग त्या शंकेचाच तिला संताप आला. एवढी वर्षं शिकून, एवढं डोळ्यांनी बघून, एका हसऱ्या माणसाच्या एका वाक्यानं आपण हलतो, तर ज्यांनी काहीच बघितलेलं नाही ते काय करणार? तिनं विचारलं, टाकल्यावर किती दिवस शेंगा खायच्या नाहीत, हे सांगता का तुम्ही लोकांना? रोज तोडतात बायका. पाला रोज शिजतो.

"टाकलं म्हणून बिघडतंय काय वैनी? खबरदारी. आणि फोटो तर तुमीच टाकला न्हवं?"

आणि हे बोलता बोलता त्यानं माप ठेवलं, हात पँटला पुसला, बरणीतून बिस्किट काढलं आणि अंतरापुढं धरलं.

अंतराचा हात गेला होता. क्रांतीनं तो हवेतच मनगटाला धरला, इतका घट्ट की पोरगी किंचाळून रडायला लागली. बिस्किट पडलं. बोटांच्या चिमटीच्या जागी बिस्किटावर जांभळट डाग होता. तो सगळ्यांना दिसला. विजयसिंहालाही दिसला.

"एवढं काय," तो म्हणाला, "हात पुसला की."

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं आपली घेतलेली पिशवी हळूच परत फळीवर ठेवली. बाकीच्यांनी ठेवली नाही. क्रांतीनं रडणाऱ्या पोरीला खांद्याशी धरून विचारलं, आतापर्यंत कुणाकुणाला दिलंत? विजयसिंहानं आधी टाळलं, मग माणसं बघतायत म्हटल्यावर नावं सांगितली. त्यात धोंडुबाईंचं होतं. सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या म्हणे.

क्रांती माळाची चढण पळत चढली. कडेवर पोरगी, हातात अजून ते वांग्याचं मूळ. रोज सकाळी दारात येणाऱ्या शेंगा तिच्या डोळ्यांपुढं येत होत्या, अंतरानं अर्धवट चघळून परत दिलेल्या. धोंडुबाईंकडं हातमोजे कुठले? पाटीत वाळू घेतील, हातानं कालवतील, ओच्यात भरून फेकत जातील, आणि मग त्याच ओच्यात उद्याच्या शेंगा.

धोंडुबाई बांधावर बसल्या होत्या. शेजारी पाटीत वाळू. पिशवी गाठ मारलेली, अजून बंद. वारं फार सुटलंय, दाणे उडून बांधावर जातील, म्हणून वारं पडायची वाट बघत होत्या. विषाच्या भीतीनं नव्हे. औषध वाया जाऊ नये म्हणून.

क्रांती धापा टाकत तिथंच बसली.  धोंडुबाईंनी अंतराला आपल्याकडं ओढलं आणि तिचं मनगट लाल कशानं झालं म्हणून विचारलं. क्रांती म्हणाली, मी धरलं म्हणून. मग तिनं सगळं सांगितलं. धोंडुबाईंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं झाड उपटून ठेवलं होतं, गाठींनी लगडलेलं. इतक्या गाठी आन् रोग न्हाय? टोमॅटोच्या साली त्यांनी दुसऱ्याच्या रानात मजुरी केली होती, सगळं बघितलं होतं.

"घासा," क्रांती म्हणाली. "तुमच्याच हातानं."

धोंडुबाईंनी अंगठा फिरवला. गाठी ओघळल्या. एक त्यांनी दोन नखांत धरून फोडली आणि उन्हात धरून बघितली.

"रगात हाय की गं ह्यात."

"रक्तासारखंच आहे काकी. आपल्या रक्तात जे लाल असतं ना, त्याच्या जातीचंच."

धोंडुबाईंनी उपटलेलं झाड उचललं, त्याची मुळं झटकली नाहीत, तशीच मातीसकट मांडीवर घेतली. "जितीजागती चवळी मी मारणार हुतो व्हय," म्हणाल्या. आणि मग त्यांनी विजयसिंहाच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो अंतरासमोर करायला नको होता, पण क्रांतीनं त्यांना थांबवलं नाही. ऐकून तिला जरा बरं वाटलं.

हलकं वाटणं तिथंच संपलं. कारण पिशवी उचलली आणि क्रांतीच्या लक्षात आलं की ती अर्धीच आहे. पाटीतली वाळू नुसती वाळू होती. मग उरलेलं कुठं?

धोंडुबाईंनी सांगितलं, अगदी सहज. मोनाच्या बी चवळीला गाठी आल्यात, काल फोनवर म्हणत होती. म्हणून दुकानातून आल्या आल्या अर्धं वेगळं बांधलं आणि सकाळच्याच एस्टीनं हातकणंगल्याकडं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं दिलं. लेकीकडं पिशवी पाठवताना एकच वस्तू कशी पाठवायची, म्हणून त्यात कोवळ्या शेंगा घातल्या, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा कूट घातला, आणि मोनाला सातवा लागलाय म्हणून चार डिंकाचे लाडू घातले. सगळं एकाच कापडी पिशवीत.

क्रांतीनं डोळे मिटले. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारलेली, एस्टीत आपटत जाणारी. तिच्यावर लाडू.

या माणसांचा दोष काय? हा प्रश्न क्रांतीला नंतर अनेकदा पडला. इथल्या बायकांच्या हाताला एकच सवय आहे, चांगलं काही हाती आलं की अर्धं करायचं. नवं बियाणं आलं, अर्धं जावेला. लोणचं घातलं, अर्धं लेकीला. आणि आता कुणीतरी त्यांच्या हातात विष ठेवलं, नाव न लिहिता, औषध म्हणून, तर त्यांनी तेही अर्धं केलं. त्या दुकानदारानं लाल त्रिकोणाच्या पिशवीतले दाणे बिननावाच्या पिशवीत भरले तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं काय? तोही याच गावचा. त्याच्या आईनंही आयुष्यभर असंच वाटून खाल्लं असणार.

मोनाचा फोन लागत नव्हता. क्रांतीनं बांधावरूनच तालुक्याच्या शेतीच्या कचेरीत फोन केला. तिथं साहेब मीटिंगला होते. फोन उचलणारा म्हणाला, कुठं काय विकलं जातंय याची तक्रार लेखी द्या, सोबत बिल जोडा. सुट्या मालाचं बिल कोण देतं, असं तिनं विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, मग तक्रार कशाच्या आधारावर? मग तिनं ग्रुप उघडला, सगळ्यांना लिहावं म्हणून. पिशव्या उघडू नका, उघडल्या असतील तर हात साबणानं धुवा, रानात टाकलं असेल तर शेंगा तोडू नका. लिहून झालं, पाठवायला गेली, तर जात नव्हतं. विजयसिंहानं तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. तिचा फोटो तेवढा तिथं ठेवला होता, आत्तींच्या एका भाच्यानं नंतर सांगितलं. फोटो ठेवला आणि खाली स्वतःचं वाक्य.

त्या दिवशी ती घरोघर फिरली. आत्ती बरोबर आल्या, अंतराला घेऊन. क्रांती दारात उभी राहून अंगठ्यानं गाठी घासून दाखवायची आणि आत्ती मागून म्हणायच्या, माझी सून शिकलेली हाय, आणि शिकलेली नसती तरी बिस्किटावरचा डाग मला बी दिसला असता. त्या तिथं नव्हत्याच मुळी. पण डागाची गोष्ट क्रांतीच्या आधी गावात पोचली होती, आणि गाठींपेक्षा तीच जास्त कामाला आली. बऱ्याच पिशव्या परत आल्या. दोघांनी आधीच टाकलं होतं. त्यांच्या दाराशी उभं राहून क्रांतीनं शेंगा तोडू नका म्हणून विनवलं, एकानं ऐकलं, दुसऱ्याची बायको म्हणाली, बाजारचा दिवस हाय, बघू.

संध्याकाळी मोनाचा उलटा फोन आला. तिची आई रडायच्याच बेतात होती, म्हणून बोलली क्रांती. मोना हसत होती. पिशवी उघडल्याबरोबर असला उग्र वास आला की तिला मळमळलं, लाडवांनाही तो वास लागला होता, म्हणून लाडू, शेंगा, कूट सगळं तिनं पुरून टाकलं. आईला सांगू नका म्हणाली, आईला वाईट वाटेल. क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, पोरी, तुझ्या मळमळीचे उपकार.

आणि औषध? औषध मी घरात ठेवलंच न्हाय, मोना म्हणाली. इथं बयाबाई म्हणून एक आहे, रेल्वे रुळाच्या बाजूला दुसऱ्याचं रान वाट्यानं करते. तिच्या चवळीला पण गाठी आल्यात. तिनं मागितलं, दिलं तिला.

ऋतुराज रात्रपाळी टाकून मोटारसायकलीनं हातकणंगल्याला गेला. खोपट सापडलं, कडी लावलेली. शेजारचे म्हणाले, बयाबाई आज हितं, उद्या तितं. वाट्याच्या रानाबरोबर फिरते, फोन वापरत नाही. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर रान ओलं होतं, कुणीतरी पाणी सोडलं होतं, त्यामुळं दाणे टाकलेत की नाही हे मातीवरून कळेना. वेलींवर कोवळ्या शेंगा मात्र दिसत नव्हत्या. तोडून नेल्या होत्या. परत आल्यावर तो हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तोडून नेल्यात, तोडून नेल्यात, आणि क्रांती झोपलेल्या अंतराचा श्वास ऐकत राहिली.

त्यानंतर तो दोनदा जाऊन आला. मोनानंही चौकशी केली. कुणी म्हणतं, ती बहिणीकडं गेली, कुणी म्हणतं, बाजारात बसलेली बघितली. विजयसिंहाचं दुकान रोज उघडतं, चहा रोज होतो. आत्ती त्या बाजूनं जाताना पदर तोंडाला लावतात, वास येतो म्हणतात. क्रांतीनं कृषी महाविद्यालयातल्या मैत्रिणीकडून त्या औषधाच्या माहितीचे कागद मागवले, तक्रार केली, पोच घेतली, पुढं काही नाही. तिची चवळी वाळली, शेंगा झोडून झाल्या, मुळं रानातच कुजायला ठेवलीत, पुढच्या पिकाला. पण हिशोब तिच्या मनात त्या एका पिशवीपाशी अडकलाय.

म्हणून क्रांतीचं तुमच्यापाशी मागणं आहे. तुम्ही हातकणंगल्याच्या बाजूचे असाल, किंवा तिकडं जाणं होत असेल, तर स्टेशनच्या पलीकडं रुळाच्या कडेनं जरा चालत जा. बयाबाई साठीच्या पुढची आहे, सडसडीत, डाव्या हाताची करंगळी वाकडी, बोलायला मोठ्यानं बोलते. बाजारात दिसली तर आधी तिच्याकडच्या शेंगा घेऊ नका, आधी तिला विचारा, मावशे, जेवलीस काय, मळमळतंय काय, डोळ्यांनी नीट दिसतंय काय. तिच्या खोपटात मिठाच्या शेजारी एखादी पातळ पिशवी दिसली, आत जांभळट दाणे, तर ती हातानं उचलू नका, तिलाही उचलू देऊ नका. आणि ती भेटली, धडधाकट भेटली, तर मुरगूडच्या अलीकडच्या आमच्या माळावर कुणाकडूनही निरोप धाडा. तिचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. जाऊन बघा एकदा तिला.